गुडघे टेकायला जमीन नसते

या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न स्कुबाचेच आहेत. दिवाळीनंतर मालवणचं पाणी निवळतं, त्याआधी मुंबईत स्विमिंग पूलवरच्या बॅचेस भरायला लागतात, त्यामुळे असेल. पाच घेतलेत. पहिल्या दोघांना जास्त जागा दिलीये कारण दर बॅचला कुणी ना कुणी नेमकं तिथेच अडतं.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे, शिवाजी पार्कच्या तलावात पोहायला शिकले, व्यवस्थित पोहते. आता ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा पहिला कोर्स लावलाय. बाकी सगळं जमतं पण मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढायचं म्हटलं की नाकात पाणी जातं, ठसका लागतो आणि मी सरळ उभी राहते. तीनदा झालं असं. सर म्हणतात तू घाबरतेस म्हणून होतं. सोडून देऊ का? (वाचक, माहीम)

उत्तर : अजिबात सोडू नका. आणि घाबरता म्हणून नाकात पाणी जात नाहीये, नाकात पाणी जातंय म्हणून घाबरताय, हे आधी डोक्यात पक्कं करा.

तुम्ही चांगलं पोहता ना, तिथेच गोम आहे. पोहताना आपण काय शिकतो, तर तोंड पाण्यात असताना श्वास सोडायचा आणि घ्यायचा फक्त तोंड बाहेर आल्यावर. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली सवय आहे ती. स्कुबात बरोबर उलटं करायचंय, चेहरा पाण्यात, नाकाला पाणी लागलेलं, आणि तरी तोंडाने आत श्वास ओढायचा. शरीर म्हणतं हे चूक आहे, थांब. म्हणजे तुम्हाला जे जमत नाहीये ते मास्कमधलं पाणी काढणं नाहीच, ते आहे नाक आणि तोंड वेगळं वापरणं, आणि ते तुम्हाला कुणी वेगळं शिकवलेलंच नाही.

ते घरी शिकता येतं. एक बादली घ्या, कोमट पाण्याने भरा, बाथरूममध्ये स्टुलावर ठेवा, घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा, एकटीने नको. मास्क लावायचा नाही. तोंडात स्नॉर्केल (श्वासाची वाकडी नळी) धरा, नाक बुडेल इतका चेहरा पाण्यात घाला आणि नुसता श्वास घ्या, तोंडाने आत, तोंडाने बाहेर. पहिल्या दहा-वीस सेकंदांत नाकपुड्यांत पाणी गुदगुल्या करतं, डोकं वर काढावंसं वाटतं, काढा, पुन्हा घाला. आत घेताना थोडं पाणी नाकात चढलं तर नाकाने हळूच हुं करा, बुडबुडे येतील, पाणी बाहेर जाईल. असं करता करता एक क्षण येतो की टाळूच्या मागे, पडजिभेपाशी, काहीतरी अलगद बंद झाल्यासारखं वाटतं आणि नाकात पाणी असूनही त्याचा काही त्रास होत नाही. तोच स्नायू आपल्याला हवाय. एकदा तो सापडला की रोज पाच मिनिटं, आठवडाभर. सकाळी नळाला पाणी आलं की पहिली बादली याच्यासाठी.

मग पूलमध्ये. कमरेएवढ्या पाण्यात मास्कशिवाय, रेग्युलेटर (टँकमधली हवा देणारं तोंडातलं यंत्र) तोंडात, चेहरा खाली, सलग दोन मिनिटं. ते आरामात झालं की मास्क लावा आणि खालची कड बोटाने जराशी उचलून अगदी चमचाभर पाणी आत घ्या. काढताना मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरायची, नजर थोडी वर, आणि नाकाने लांब हळू श्वास सोडायचा, शिंकरल्यासारखा फटकन नाही. हवा वर साठते आणि पाण्याला खालच्या कडेतून ढकलते, यात ताकदीचं काम नाहीच. एका श्वासात नाही निघालं तर तोंडाने आरामात दुसरा घ्या. कसली घाई आहे, हवा तर तोंडात येतेच आहे. मग अर्धा मास्क, मग पूर्ण, मग मास्क काढून पुन्हा लावणं. आणि केसांची एखादी बट मास्कच्या रबराखाली अडकली असेल तर तो सारखा गळत राहतो, ते दरवेळी बघा.

सरांना सांगा मला या एका गोष्टीसाठी वेगळा तास हवाय. तुमचा हक्क आहे तो, कोर्स म्हणजे ठरलेल्या तासात संपवायची गोष्ट नाही, जमेपर्यंत शिकवायची गोष्ट आहे.

प्रश्न : मॅडम, मी नवीन डाइव्हमास्टर, म्हणजे इन्स्ट्रक्टरचा मदतनीस आहे, अंधेरीकडे एका पूलवर मदतीला असतो. आमचे सर सगळ्यांना तळाशी गुडघ्यावर ओळीत बसवतात आणि एकेकाकडून स्किल करून घेतात. मी मुलांना तरंगत ठेवून करून घ्यायला गेलो तर म्हणाले वेळ जातो. कोणाचं बरोबर? (वाचक, जोगेश्वरी)

उत्तर : तुमचं. पण सरांचंही म्हणणं समजून घ्या, सहा जण तळाशी ओळीत बसले की सगळे नजरेसमोर राहतात, कुणी भरकटत नाही, आणि आमच्या वेळी तर सगळेच असंच शिकले. मी सुद्धा सुरुवातीची काही वर्षं तसंच शिकवायचे. का थांबवलं ते सांगते.

नवीन होते तेव्हा जिथे कामाला होते तिथे एका सकाळी पूल उरकायचा आणि तिसऱ्या दिवशी समुद्र असा शिरस्ता होता. एक मुलगी होती बॅचमध्ये, पूलच्या तळाशी गुडघे टेकून तिने मास्क क्लिअर तीनदा छान करून दाखवला, मी कागदावर टिक केलं. समुद्रात सहा मीटरवर आम्ही उताराच्या कडेने चाललो होतो, तिच्या मास्कमध्ये थोडंसं, अगदी नाकाच्या टोकापर्यंत पाणी आलं. तिने दोन्ही हात मास्कला लावले, पाय खाली सोडले, पायाखाली काही लागेना, आणि ती वर निघाली. मी तिच्या पायातला फिन पकडला, मग बीसीडीचा (हवा भरून तरंगायला मदत करणाऱ्या जॅकेटचा) पट्टा, तिच्या बीसीडीतली हवा सोडली, तिच्या डोळ्यांसमोर माझे बुडबुडे दाखवत राहिले, सोड, श्वास सोड. सोडला तिने. दोघी हळूहळू वर आलो, काही झालं नाही. होडीत बसल्यावर थरथरत म्हणाली, ताई गुडघे टेकायला जमीनच नव्हती. ते वाक्य अजून कानात आहे. तिची काहीच चूक नव्हती, तिला मी जे शिकवलं होतं तेच ती शोधत होती.

म्हणून आता माझ्याकडे क्रम असा असतो. आधी वजन, म्हणजे अंगावर बांधायचं शिसं. पूलच्या पृष्ठभागावर बीसीडी रिकामी करून, रेग्युलेटर तोंडात, नेहमीसारखा श्वास धरून सरळ उभं तरंगायचं, पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे आणि श्वास सोडला की हळूच खाली गेलं पाहिजे. (श्वास धरायचा तो फक्त वर, ही चाचणी करताना, खाली कधीच नाही, हे मुलांना त्याच वेळी सांगा.) टँक भरलेला असेल तर त्यावर साधारण दोन किलो वाढवायचे, कारण ११ लिटरच्या टँकमध्ये २०० बारला जी हवा असते तिचंच वजन अडीच किलोच्या वर भरतं आणि डाइव्ह संपेपर्यंत त्यातली बरीचशी आपण संपवलेली असते. गुडघ्यावर बसवायचं म्हणून आपण मुलांना भरमसाट शिसं बांधतो, मग तेच सवयीने समुद्रात नेतात आणि बीसीडीत हवा भर, काढ, भर, काढ करत राहतात.

वजन झालं की श्वासावर वरखाली होणं. पोटावर आडवं, फिन्सची टोकं तळाला, बीसीडीत हवेचे छोटे छोटे टिचके, मग आत श्वास घेतला की छाती उचलते, सोडला की खाली येते. इथे मुलांना एक गोष्ट दाखवून द्या, श्वास घेतल्यावर शरीर लगेच उचलत नाही, एक-दोन सेकंद मागे राहतं. ते कळेपर्यंत सगळे जास्त हवा भरतात आणि वर जातात. हे जमलं की मग टोकं पण उचलायची. आणि मग त्या तरंगत्या अवस्थेत मास्क, रेग्युलेटर काढून परत घेणं, जोडीदाराची हवा घेणं, सगळं. रेग्युलेटर तोंडाबाहेर असेल तेव्हा ओठांतून बारीक बुडबुडे चालूच. उजव्या बाजूला झुकायचं, हात मांडीला लावून मागे नेत मोठा गोल फिरवायचा, रेग्युलेटरची नळी हातावर येतेच.

वेळ जातो हे खरंय, पहिल्या दिवशी जातो. पण दुसऱ्या दिवशी तुमची बॅच पुढे असते कारण त्यांना पाण्यात थांबता येतं. आणि मालवणला तळ म्हणजे टाइल्स नाहीत. खडक आहे, प्रवाळ आहे, १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला भाग आहे तो, तिथे गुडघे टेकायला शिकवायचं का आपण? अजून एक, समुद्राचं पाणी पूलपेक्षा जड असतं म्हणून तिथे तुमच्या मुलांना दोन-अडीच किलो जास्त लागतील, होडीवर पुन्हा वजन तपासा, पूलचा आकडा तसाच चालवू नका.

सरांशी वाद घालू नका, एक बॅच मागून घ्या आणि करून दाखवा.

प्रश्न : माझं वय ५६, पोहता येत नाही. लेक म्हणते आई तारकर्लीला जाऊ, तिथे पोहता न येणाऱ्यांना पण स्कुबा करवतात. खरंच सुरक्षित आहे का? (वाचक, बोरिवली)

उत्तर : काकू, जे करवतात तो कोर्स नाही, अनुभव आहे, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, बहुतेक तर त्याच्या निम्म्यातच असतं. त्यासाठी पोहता यायलाच हवं असं नाही. कोर्स करायचा तर मात्र २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. बीपी, दमा, हृदयाचं काही, मधुमेह यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या आणि होडीवरच्या फॉर्ममध्ये खरं तेच लिहा, लोक सर्रास सगळीकडे नाही लिहितात.

एक नियम मात्र तोंडपाठ करून जा, पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर पाण्याचा दाब मिळून दुप्पट दाब असतो, तिथे घेतलेला छातीभर श्वास रोखून वर आलं तर तीच हवा दुप्पट फुगू बघते आणि फुप्फुसाला इजा होते. अगदी दीड-दोन मीटर पाण्यातून सुद्धा होऊ शकतं. हे सांगताना तुमचा इन्स्ट्रक्टर घाईत असेल, कमी पाण्यात पाच मिनिटं सुद्धा सराव न करता थेट खाली न्यायला बघत असेल, तर पैसे गेले तरी चालतील, नाही म्हणा. खूण माहीत असू द्या, अंगठा वर म्हणजे छान नाही, अंगठा वर म्हणजे मला वर जायचंय. छानसाठी अंगठा आणि तर्जनीचा गोल.

प्रश्न : दोन मीटरवरच कान दुखतो, पुढे जाताच येत नाही. मित्र म्हणतो सर्दीची गोळी घेऊन जा. (वाचक, ठाणे)

उत्तर : गोळी नको. तिचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा कानातच अडकते आणि ते जास्त वाईट. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही.

सर्दी नसेल तर तुम्ही उशीर करताय. दुखल्यावर कान ओपन करायचे नसतात, दुखायच्या आधी करायचे. डोकं पाण्याखाली जायच्या आधी वरच एकदा, मग प्रत्येक अर्ध्या मीटरला. नाक चिमटीत धरून हलकेच फुंका, किंवा नाक धरूनच आवंढा गिळा, काहींना दुसरंच जमतं. दाबामुळे कानातली हवा सगळ्यात जास्त आकसते ती पहिल्या काही मीटरमध्येच त्यामुळे तिथेच सगळ्यात हळू जायचं. पाय खाली, डोकं वर, दोर धरून उतरा. नाही उघडला तर अर्धा मीटर वर या, पुन्हा करा. जोर लावून कधीच नाही, पडदा फाटतो. महिनाभर असंच होत राहिलं तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मालवणला शनिवारी-रविवारी दोन-दोन डाइव्ह करून रविवारी संध्याकाळी गाडीने आंबोली-कोल्हापूरमार्गे परत यायचा विचार आहे. विमान नाही म्हणजे चालेल ना? (वाचक, मुलुंड)

उत्तर : नाही चालणार. विमानाबद्दल सगळ्यांना माहीत असतं, एक डाइव्ह असेल तर निदान १२ तास आणि अनेक असतील तर १८ तास थांबायचं, पण घाट कुणाच्या लक्षात येत नाही. आंबोली साधारण ७०० मीटर उंचीवर आहे, दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी तिथल्या कमी दाबाच्या हवेत चढणं म्हणजे अंगात विरघळलेल्या नायट्रोजनला बुडबुडे व्हायला मदत करणं. एक तर सोमवारी दुपारनंतर निघा, नाहीतर रविवारी रात्री कुडाळहून कोकण रेल्वे पकडा, ती खालूनच येते. गाडी न्यायचीच असेल तर शनिवारी चारही उरकायला जाऊ नका, शनिवारी दोन, रविवारी सकाळी एक लवकरची, आणि परतताना किनारपट्टीच्या बाजूने मुंबई-गोवा हायवेने या. त्या वाटेवरही मध्येमध्ये छोटे घाट लागतात, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर रात्र मालवणातच काढून सोमवारी पहाटे निघालात तर मला जास्त बरं वाटेल.