कंपनीत सांगू का मॅडम? काढणार तर नाहीत ना?

आपलं अपंगत्व कंपनीत सांगावं का, हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. पोलिओ झालेली मुलगी इंटरव्ह्यूच्या आधी विचारते, नजर कमी होत चाललेला क्लार्क विचारतो, शुगरमुळे पायाचा अंगठा काढलेले ड्रायव्हर विचारतात. सगळ्यांना एका दादांची केस सांगते, त्यांनी सांगायची परवानगी दिलीये आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललंय.

खरं तर आधी वहिनी आल्या होत्या. तक्रार अशी की हे घरात लक्षच देत नाहीत, हो हो म्हणतात आणि भलतंच करतात, टीव्हीचा आवाज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जातो. पुढच्या वेळी दादांना घेऊन आल्या. वय बेचाळीस, अंबडला एका कंपनीत चौदा वर्षं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर काढली, आता डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या खात्यात. बोलता बोलता मी खिडकी लावायला उठले आणि त्यांच्याकडे पाठ करूनच विचारलं, "कामाला किती वाजता निघता?" मागून उत्तर आलं, "हो."

मी वळले आणि तोच प्रश्न परत विचारला, तर लगेच म्हणाले, "साडेसहाला, सात वाजता गेटवर." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस इतका वेळ माझे ओठ बघत होता.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली, दोन्ही कानांना बारीक, टोकदार आवाज कमी ऐकू येतात. प्रेस शॉपच्या आवाजाने असंच होतं, आधी हेच आवाज जातात, म्हणजे स, श, त ही अक्षरं जातात. माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, म्हणून त्याला स्वतःलाही वाटतं आपल्याला ऐकू तर येतंय. आवाजाने आलेला बहिरेपणा कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात व्यवसायजन्य, म्हणजे कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे, हे दादांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा कुठे कंपनीतली ती गोष्ट बाहेर आली. सुपरवायझर लांबून ओरडला "साठ बॉक्स", यांनी ऐकलं "आठ". गाडी आठ बॉक्स घेऊन गेली पण. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, कामचुकार ठरले, पण "ऐकू आलं नाही" हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. "मॅडम, निष्काळजी म्हटलं तर चालेल, बहिरा म्हटलं तर नोकरी गेली." हे वाक्य मी अजून विसरले नाही.

इथे माझी चूक झाली ती पण सांगते. मी त्यांना एचआरला अर्ज करायला लावला, 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, कलमं, सगळं घालून. कायदा खरा आहे, खाजगी कंपनीलाही समान संधीचं धोरण करावं लागतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर त्यासाठी संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पगार तोच ठेवायचा, हे कलम मात्र सरकारी नोकरीपुरतं इतकं थेट आहे, खाजगीत तेवढं नाही, त्यामुळे त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण अर्ज गेला आणि एचआरने काय केलं, तर "शांत जागा" म्हणून त्यांना मागच्या स्टोअरला एकटं बसवलं. हेतू वाईट नसेल, पण काय लागतं हे त्यांना कोणी विचारलंच नाही. दादांचा फोन आला, "शिक्षा झाली हो मॅडम."

मग आम्ही परत बसलो. अर्जात आजार होता, तपासणीचा आकडा होता, कलम होतं, पण "माझ्याशी कसं बोलायचं" हेच नव्हतं. यावेळी दादांनी स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहिलं: आकडा तोंडी सांगू नका, व्हॉट्सअॅपवर टाका. माझ्यासमोर येऊन बोला. मागून हाक मारू नका, खांद्याला हात लावा. मी ऑर्डर परत म्हणून दाखवतो, चूक असेल तर तिथेच सांगा. तो कागद घेऊन ते चहाच्या सुट्टीत त्याच सुपरवायझरकडे गेले. तो वाचत बसला आणि म्हणाला, "मग ते साठ बॉक्स..." पुढे बोललाच नाही. एचआरशी नंतर तोच बोलला.

पंधरा दिवसांनी दादा परत डिस्पॅचला. टेबल फिरवलं, आता पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. आकडे ग्रुपवर येतात, त्यामुळे बाकीच्यांच्याही चुका कमी झाल्या. फोर्कलिफ्टचा हॉर्न यांना मागून कळत नव्हता, ते तर जिवावरचं होतं, म्हणून फोर्कलिफ्टवर पुढे जमिनीवर निळा उजेड पडणारा दिवा बसवला. फायर अलार्मला लुकलुकणारा लाईट अजून बसलेला नाही, मी मागे लागलेच आहे.

आता कानाचं मशीन आहे, पण शॉपवर ते खडखडाटही वाढवतं, मशीन लावलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी सिव्हिलच्या चकरा चालू आहेत, त्याला वेळ लागतो. ते हातात येईपर्यंत सांगायला थांबू नका. आणि सांगायला जाल तेव्हा आधी त्या एका माणसाकडे जा, ज्याच्याबरोबर रोज काम करता, आणि काय हवंय ते नेमकं घेऊन जा.

त्रास अजून आहेच. मंथली मीटिंगला सगळे एकदम बोलतात. शेजारच्याला "काय म्हणाले?" विचारलं की तो म्हणतो, "काही नाही, सोड." दादा म्हणाले, बहिरा म्हटल्यापेक्षा हे "काही नाही" जास्त लागतं. पुढच्या मीटिंगला कागदावर पाचवी ओळ घालून नेणार आहेत: मी विचारलं तर परत सांगा.