साहेब म्हणतात काटा मार

प्रश्न: ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क आहे, सीझनपुरता. परवा रात्रपाळीला साहेब केबिनमध्ये आले आणि म्हणाले, रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन दर खेपेला दोनशे किलोनं जास्त धर, वरून सांगितलंय. सगळं तोंडी. नाही म्हटलं तर पुढच्या सीझनला बोलवणार नाहीत, घरी बहिणीचं कॉलेज चालूय, आणि ऊस घेऊन नंबरला उभे असतात ते शेतकरी माझ्याच गावचे. काय करू?

उत्तर: भावा, करू नकोस. एकदाही नको, कारण पहिली खोटी स्लिप निघाली की तू त्यांच्या तावडीत सापडलास, मग नाही म्हणायला तोंड राहत नाही. रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन वाढवलं की तेवढाच ऊस कमी भरतो. टनाला 3000 रुपये धरले तरी दोनशे किलोचे खेपेला 600 होतात आणि ते जातात कुणाचे, तर रात्रीच्या लाईटीला उसात पाणी पाजायला गेलेल्या माणसाचे. माझे वडील वजनाची पावती ट्यूबलाईटखाली धरून दोनदोनदा वाचायचे, गेल्या साली एवढ्याच रानात जास्त भरला होता म्हणायचे आणि गप्प जेवायला बसायचे. ते मी विसरलेली नाही.

आता तुझं बघू. वैधमापन म्हणजे वजनमापांचा कायदा 2009 चा आहे, वजन मारणं त्यात गुन्हा, आणि स्लिपवर सही तुझी, लॉगिन तुझा. भरारी पथक आलं तर हेच साहेब आम्हाला काय माहीतच नव्हतं म्हणतील. भांडू नकोस, साधा व्हॉट्सॲप टाक, "साहेब, काट्यावर येईल तेवढंच वजन धरतोय, वेगळं करायचं असेल तर लेखी द्या." असलं लेखी कोण देत नाही. पासवर्ड कुणाला देऊ नको, कोण कधी काय बोललं ते तारखेसकट वहीत लिही आणि वही घरी ठेव. तरी दाबलंच तर वैधमापन विभागाकडं तक्रार कर, काट्याचं दरवर्षीचं पासिंग, म्हणजे तपासणी आणि शिक्का, तेच करतात. कामावरून काढलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कामगाराला तिथं फुकट वकील मिळतो.

नोकरी जाईलही, खोटं कशाला सांगू. म्हणून आत्तापासूनच कुपवाड, मिरज एमआयडीसीत विचारून ठेव, काटा आणि कॉम्प्युटर दोन्ही येणारा माणूस लागतो तिथं. आणि घरी आज रात्रीच सांग, बहिणीच्या फीचं काय करायचं ते सगळे मिळून बसून ठरवा.