चार्ली पार्करचे जास्तीचे टेक वगळून ऐकलं तर चालेल का?

प्रश्न असा आहे: सव्हॉय आणि डायल या रेकॉर्ड कंपन्यांसाठी अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने केलेल्या सगळ्या रेकॉर्डिंगचा आठ सीड्यांचा संच हाती आलाय. त्यात ‘बिलीज बाउन्स’ पाच वेळा, ‘नाउज द टाइम’ चार वेळा येतं आणि कंटाळा येतो. मग फक्त मास्टर टेक (एकाच रचनेच्या अनेक वादनांपैकी तबकडीसाठी निवडलेलं) ठेवून बाकीचे उडवले तर काही बिघडेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

उडवू नका. ‘मास्टर तेवढा खरा, बाकी स्टुडिओतला केरकचरा’ हे आमच्या ऐकणाऱ्यांच्या कट्ट्यावर मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि ते मला कधीच पटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२६ नोव्हेंबर १९४५ घ्या. पार्करच्या स्वतःच्या नावाचं हे पहिलं सेशन, न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टुडिओत, सव्हॉयसाठी. ठरलेला पियानोवाला बड पॉवेल आलाच नाही. डिझी गिलेस्पी ट्रम्पेटवाला, पण तो पियानोवर बसला. आर्गॉन थॉर्नटन (पुढे सादिक हकीम) नावाचा आणखी एक पियानिस्टही तिथे होता, आणि कुठल्या टेकमध्ये कोण वाजवतंय यावर जाणकार अजून भांडतात. ट्रम्पेटवर एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस, बासवर कर्ली रसेल, ड्रम्सवर मॅक्स रोच. पार्करचा आल्टो सॅक्स त्या दिवशी कुरकुरत होता. सुरुवातीच्या टेकमध्ये रीड (सॅक्सच्या तोंडाची कंप पावणारी पट्टी) चिरकते ती स्पष्ट ऐकू येते. वाद्य ठीक झालं का हे बघायला तो वाजवत असताना यंत्र चालू होतं, म्हणून ‘वॉर्मिंग अप अ रिफ’ आपल्या हाती लागलं.

आता ‘को-को’. याचे टेक दोनच. पहिल्यात ट्रम्पेट आणि आल्टोची ती भन्नाट सुरुवात होते आणि मग दोघं सरळ रे नोबलच्या ‘चेरोकी’च्या चालीत शिरतात. लगेच टाळी, ओरडा, आणि सगळं थांबतं. कारण व्यवहाराचं सांगतात: चालीवर हक्क असतो, कॉर्डच्या (चालीखाली एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) सांगाड्यावर नसतो. ‘चेरोकी’ची चाल वाजली असती तर कंपनीला रॉयल्टी मोजावी लागली असती. म्हणून दुसऱ्या टेकमध्ये चालच गायब. बत्तीस बारांची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) सुरुवात, तिच्या शेपटीला लागून पार्करची चौसष्ट बारांची दोन आवर्तनं, रोचचा सोलो, पुन्हा सुरुवातीचा तुकडा, संपलं. मुखडाच नाही, थेट विस्तार! ही जागा मुद्दाम रिकामी सोडलीय, हे पहिला अर्धवट टेक ऐकल्याशिवाय कळत नाही. तो टेक तुमच्या हिशेबात ‘केर’ आहे.

‘को-को’ एकदा बोटांवर मोजत ऐका. लय मिनिटाला सुमारे ३०० मात्रा, म्हणजे एक आवर्तन साधारण ५१ सेकंदांत सरतं. चौसष्ट बार चार भागांत विभागा, सोळा-सोळाचे. तिसरा भाग म्हणजे ब्रिज, बाकीच्यांहून वेगळा मधला भाग. मूळ पट्टी बी फ्लॅट, पण ब्रिजमध्ये कॉर्ड बी, मग ए, मग जी मेजर असे एकेक पायरी उतरतात. नवखे वाजवणारे इथेच घसरतात. दुसरं आवर्तन सुरू होताना ‘हाय सोसायटी’ या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या मार्चमधला क्लॅरिनेटचा प्रसिद्ध तुकडा येतो. इतक्या वेगात तो इतका सहज येतो की पहिल्या खेपेला निसटतोच.

जास्तीच्या टेकचं दुसरं उदाहरण ‘एम्ब्रेसेबल यू’, २८ ऑक्टोबर १९४७, डायल. इथे दोन पूर्ण टेक आहेत, ए आणि बी. ए टेकमध्ये ड्यूक जॉर्डनच्या पियानोच्या छोट्या सुरुवातीनंतर पार्कर सहा सुरांचा एक तुकडा घेतो आणि कॉर्ड बदलेल तसा वाकवत पुन्हापुन्हा मांडतो. गर्श्विनच्या चालीला तो जवळजवळ शिवतच नाही. बी टेकमध्ये तो सहा सुरांचा धागाच सोडून देतो. त्याच दिवशी, त्याच पाच जणांनी, त्याच कॉर्डवर वाजवलेलं. एकच चीज गवयाने लागोपाठ दोनदा गायली आणि दोन्हीकडे बढत वेगळ्या वाटेने केली, तर दुसरी पुसून टाका असं तुम्ही म्हणाल का?

‘अ नाइट इन ट्युनिशिया’चं प्रकरण तर याहून बोलकं आहे (२८ मार्च १९४६). पहिल्या टेकमधला पार्करचा चार बारांचा ब्रेक (बाकीचे थांबतात आणि एकटाच वाजवतो ती जागा) असा काही उतरला की बाकी टेक बाद झाला तरी तेवढा तुकडा जपला गेला आणि ‘फेमस आल्टो ब्रेक’ नावाने बाजारात आला.

मास्टरवाल्यांचं म्हणणं असतं, कलावंताने पसंत केलेलंच ऐकावं. गंमत अशी की मास्टर कलावंताने पसंत केलेला असतोच असं नाही. २९ जुलै १९४६ला हॉलिवूडमध्ये पार्कर धड उभा राहण्याच्या स्थितीत नव्हता. ‘लव्हर मॅन’मध्ये त्याची सुरुवातच चुकते, पियानोवाला जिमी बन एकटाच पुढे रेटत राहतो. त्याच रात्री पार्करला अटक झाली आणि पुढचे सहा महिने तो कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात होता. डायलच्या रॉस रसेलने ती तबकडी तरीही काढली. पार्करला ते अजिबात आवडलं नाही. ‘लव्हर मॅन’ मास्टर आहे बरं का! म्हणजे मास्टर ही निर्मात्याची निवड. ती डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही.

आता कामाचं. तुमच्याकडे अधिकृत संच असेल तर ठीक, पण स्वस्तातली संकलनं आणि क्लबमधली रेकॉर्डिंग बऱ्याचदा चुकीच्या वेगाने उतरवलेली असतात. तपासायला ‘बिलीज बाउन्स’ किंवा ‘नाउज द टाइम’ घ्या. दोन्ही एफमधले ब्लूज आहेत, म्हणजे त्यांचा आधार सूर एफ. ट्यूनरवर किंवा हार्मोनियमवर एफ धरा. सूर एफ आणि एफ शार्पच्या मधोमध पडत असेल तर प्रत सुमारे ३ टक्के जलद आहे. थेट एफ शार्प लागला तर जवळपास ६ टक्के. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरा आणि पूर्ण अर्ध्या सुराचा फरक असेल तर उणे ५.६ टक्के द्या. ‘चेंज पिच’ किंवा ‘चेंज टेम्पो’ वापरलंत तर एकच बाजू सरळ होते, दुसरी वाकडीच राहते. सॅक्स हातात घेऊन जुळवत असाल तर आल्टोवर हा एफ म्हणजे तुमचा डी.

जुनी ७८ आरपीएमची तबकडी मिळालीच तर एलपीची सुई लावू नका. तिच्या खाचा रुंद, त्यांना ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची ०.७ मिलची सुई तळाशी जाऊन बसते आणि नुसता खरखराट वर येतो. आणि आवाज मोनो करून ऐका. स्टिरिओत घेतलं तर खाचेच्या दोन भिंतींची वेगवेगळी खरखर दोन कानांत पडते.

डीन बेनेडेटीची रेकॉर्डिंग एवढ्यात घेऊ नका. हा माणूस १९४७-४८ला क्लबमध्ये यंत्र लावून बसायचा, पण पार्कर वाजवायचा थांबला की यंत्र बंद. मोझेकने १९९०मध्ये सात सीड्यांत ते काढलं. तुकडे, तुकडे आणि तुकडे. कान तयार झाल्यावर ते सोनं आहे, आधी नुसता त्रास.

सुरुवात कुठून, हे राहिलंच. पहिला महिना फक्त मास्टर ऐका, हे मान्य. २००२मध्ये निघालेला सव्हॉय-डायल मास्टर टेकचा तीन सीड्यांचा संच त्यासाठी पुरेसा आहे. तुमच्या आठ सीड्यांतूनही तेवढेच निवडून वेगळी यादी करता येईल, फक्त फाइली पुसू नका. काही जास्तीचे टेक खरोखरच पाच-दहा सेकंदांत तुटतात, ते खुशाल पुढे ढकला. आणि पाचही ‘बिलीज बाउन्स’ लागोपाठ कोणीच ऐकू नयेत, मीही ऐकत नाही. पहिला आणि पाचवा ऐका, मध्ये एक दिवस जाऊ द्या, मग तिसरा.