पर्यावरण सावरण्यासाठी प्रेरणा देणारी एखादी पुराणकथा आहे का? बहुतेक कथा फक्त 'निसर्गाची पूजा करा' एवढंच सांगतात.

हो, आहे, माझ्या मते सगळ्यात उपयोगाची म्हणजे भागवताच्या चौथ्या स्कंधातली पृथू राजाची कथा. दुष्काळात प्रजा उपाशी मरू लागते, तेव्हा पृथू धनुष्य घेऊन पृथ्वीच्या मागे लागतो. ती गायीचं रूप घेऊन पळते आणि शेवटी त्याला ठणकावते, की वनस्पती ओरबाडल्या जात होत्या, राखणारं कोणी नव्हतं, म्हणून मी त्या पोटात दडवल्या. हव्या असतील तर आधी वासरू आण, मग दूध काढ. पुढची मागणी तर थेट शेतीची आहे: मला सपाट कर, म्हणजे पावसाळा सरल्यावरही पाणी माझ्यात टिकून राहील. पृथू तसंच करतो. मग देव, ऋषी, नाग, पशू, झाडं, डोंगर असे सगळे आपापलं वासरू आणि भांडं घेऊन येतात आणि आपापल्या गरजेचं दूध काढतात. माणूस त्या रांगेतला एक, एकटा मालक नव्हे. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

मात्र सगळ्याच प्राचीन कथा अशा नाहीत. महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जाळताना कृष्ण आणि अर्जुन पळणाऱ्या प्राण्यांनाही अडवतात आणि त्या आगीतून मोजून सहा जीव वाचतात. मुलांना पृथूची कथा सांगाल तेव्हा हीसुद्धा सांगा.