टार्टारिक ॲसिडवर संशोधन करण्यासारखं काही उरलंय का?

विचारलंय ते असं: पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहात, प्रोजेक्टसाठी एखादं डायकार्बोक्झिलिक (दोन कार्बोक्झिल आम्लगट असलेलं) ॲसिड घेऊन त्याच्या उपयोगांवरचं संशोधन मांडायचंय, मॅडम म्हणाल्या टार्टारिक घे. आता तुम्हाला शंका आहे की चिंच आणि बेकिंग पावडर यापलीकडे त्यात आहे काय, त्यापेक्षा ॲडिपिक घेऊन नायलॉनवर लिहिलेलं बरं का?

मॅडमचं ऐका. नायलॉनवर वर्गातले निम्मे जण लिहिणार आहेत.

मीही इथेच एम.एस्सी. केलं आणि आता औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे. आमच्याकडे टार्टारिक पोत्यानं येतं, आणि ते कुणी आंबटपणासाठी मागवत नाही. खाण्यापिण्यातले उपयोग एका परिच्छेदात उरका, त्यात नवीन काही नाही. या ॲसिडची खरी किंमत त्याच्या आकारात आहे. चार कार्बन, दोन टोकांना कार्बोक्झिल, मधल्या दोन कार्बनवर एकेक हायड्रॉक्सिल. हे मधले दोन्ही कार्बन कायरल, म्हणजे रेणूची आरशातली प्रतिमा मूळ रेणूवर बसत नाही, जसा डावा हात उजव्यावर बसत नाही. म्हणून अशा दोन प्रकारांना मी उजवा आणि डावा ‘हात’ म्हणतो. प्रयोगशाळेत असा रेणू बनवायला गेलं की दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे हाती येतात. चिंच आणि द्राक्ष मात्र एकच प्रकार बनवतात, तोही अगदी शुद्ध आणि किलोला परवडेल अशा भावात. एकाच हाताचा रेणू इतका स्वस्त मिळणं ही रसायनशास्त्रात चैन आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

इतिहास मांडावाच लागेल, पण स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेलेनं १७६९ मध्ये हे ॲसिड वेगळं केलं एवढं लिहून पाश्चरवर या. १८४८ साली पाश्चर पंचवीस वर्षांचा होता. टार्टारिक आणि त्याचं जुळं भावंड पॅराटार्टारिक यांची रासायनिक घडण एकच, पण टार्टारिकचं द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश फिरवायचं आणि पॅराटार्टारिकचं फिरवायचं नाही. पाश्चरनं पॅराटार्टारिकचा सोडियम-अमोनियम क्षार स्फटिकरूपात मिळवला. भिंगाखाली पाहिलं तर स्फटिक दोन प्रकारचे होते, काहींचा तिरका पैलू एका बाजूला तर काहींचा दुसऱ्या. चिमट्यानं त्याचे दोन ढीग केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाश उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचं डावीकडे. ध्रुवित प्रकाशाचा जाणकार, म्हातारा भौतिकशास्त्रज्ञ बियो याचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं स्वतःकडचं ॲसिड देऊन पाश्चरकडून सगळं आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा करून घेतलं.

पाठ्यपुस्तकं इथं थांबतात. गंमत पुढे आहे. हा क्षार साधारण २८ अंश सेल्सियसच्या खालीच असा वेगवेगळ्या स्फटिकांत बसतो. त्याच्यावर गेलात की दोन्ही हात एकाच स्फटिकात गुंफले जातात, मग चिमटा घेऊन कितीही बसा. म्हणजे हा प्रयोग एप्रिलमध्ये पुण्यात, एसी नसलेल्या लॅबमध्ये केला असता तर पाश्चरला काहीच सापडलं नसतं. प्रात्यक्षिक करून दाखवायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा आणि बशी रात्रभर खिडकीशी ठेवा.

आता औषधं. प्रोजेक्टचा गाभा हाच ठेवा असं मी म्हणेन. उदाहरण घ्या एथॅम्ब्युटॉलचं. क्षयाच्या पहिल्या फळीतल्या चार औषधांपैकी हे एक, आपल्याकडे सरकारी उपचारात लाखो लोक घेतात. ते दोन-अमिनोब्युटॅनॉलच्या दोन रेणूंना जोडून बनतं. हे अमिनोब्युटॅनॉल कारखान्यात तयार होतं तेव्हा उजवं-डावं मिसळलेलंच असतं, आणि क्षयाच्या जंतूवर चालतो तो फक्त एका हाताच्या दोन रेणूंपासून बनलेला एथॅम्ब्युटॉल. उलट्या हाताची जोडी त्याच्यापुढे शेकडो पटींनी दुबळी. हे औषध काही रुग्णांच्या दृष्टीवर परिणाम करतं, लाल-हिरवा फरक कळेनासा होतो, त्यामुळे निरुपयोगी अर्धा भाग पोटात घालण्यात काहीच शहाणपण नाही.

मग दोन हात वेगळे करायचे कसे? दोघांचा उत्कलनांक एक, विद्राव्यता एक, ऊर्ध्वपातन करून काही होत नाही. इथे नैसर्गिक टार्टारिक घालतात. उजव्या पायात उजवी चप्पल बसते आणि डावीही कशीबशी घुसते, पण चाल वेगळी होते, तसं काहीसं. एकाच हाताचं ॲसिड दोन हातांच्या अमाइनशी (इथे अमिनोब्युटॅनॉलशी) दोन क्षार बनवतं, आणि ते एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा नसतात. त्यांची विद्राव्यता वेगळी. एक आधी स्फटिक होऊन खाली बसतो, दुसरा द्रावणात राहतो. गाळा, अल्कली घाला, हवा तो अमाइन मोकळा. टार्टारिकही परत मिळवता येतं.

ऐकायला सोपं, करायला अवघड. द्रावक कोणता, पाणी किती, थंड करायचा वेग किती, बीज-स्फटिक कधी टाकायचा, यावर आमचे महिने जातात. घाई केली तर नको असलेला क्षार स्फटिकात अडकून येतो आणि शुद्धता ढासळते. शिवाय कितीही नीट केलं तरी निम्मा माल चुकीच्या हाताचा उरतोच. त्याचं पुन्हा मिश्रण करून तो चक्रात परत आणायचा कसा, यावर आजही पेपर आणि पेटंट निघतात. तुमच्या प्रश्नातल्या ‘उरलंय का’चं उत्तर इथेच आहे. स्वतः टार्टारिकनं जमत नसेल तर त्याची डायबेन्झॉइल किंवा डायटोलुऑइल रूपं वापरून पाहतात.

एक घोळ मात्र टाळा. घरात कुणाची रक्तदाबाची गोळी असेल तर पाकिटावर ‘मेटोप्रोलॉल टार्ट्रेट’ किंवा ‘मेटोप्रोलॉल सक्सिनेट’ दिसेल. ही दोन्ही डायकार्बोक्झिलिकच, पण तिथं ॲसिड औषधाचा क्षार म्हणून सोबत आहे. त्याचा हात वेगळे करण्याशी संबंध नाही. व्हायव्हात हमखास विचारतात.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ शार्पलेसचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९८० मध्ये कात्सुकी आणि शार्पलेस यांनी टायटॅनियमच्या संयुगात डायएथिल टार्ट्रेट मिसळून ॲलिल अल्कोहोलचं एकाच हाताचं इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं तिकोनी कडं असलेलं संयुग) बनवून दाखवलं. टार्ट्रेटचा हात बदला, उत्पादनाचाही बदलतो. २००१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. यंत्रणा कोणत्याही पुस्तकात मिळेल.

हात-बित काही न लागणारे उपयोगही आहेत, आणि त्यातला एक भोसरी-चाकणच्या लोकांना जवळचा वाटेल: ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्यानं ऑक्साइडचा संरक्षक थर चढवणं. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या भागांवर पूर्वी क्रोमिक ॲसिडच्या टाकीत थर चढवत. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक, म्हणून युरोपनं २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर खास परवानगीशिवाय बंद केला. एअरबसनं आणलेला पर्याय म्हणजे सल्फ्युरिक आणि टार्टारिक यांची टाकी, लिटरला साधारण ४० ग्रॅम सल्फ्युरिक आणि ८० ग्रॅम टार्टारिक. थर पातळ राहतो, धातूचा थकवा वाढत नाही आणि गंजरोधही चांगला मिळतो. दातात भरायच्या ग्लास आयोनोमर सिमेंटमध्येही टार्टारिक असतं. सिमेंट डॉक्टरला काम करायला पुरेसा वेळ मऊ राहतं आणि मग झटकन आवळतं, ते त्याच्यामुळे.

सजीवांकडे वळलं की विषय पुन्हा रंगतो. द्राक्षाची वेल टार्टारिक बनवते ती क जीवनसत्त्व तोडून, त्या वाटेतलं एक महत्त्वाचं एन्झाइम २००६ मध्ये ओळखलं गेलं. द्राक्ष-बेदाण्यानं कुत्र्यांची मूत्रपिंडं का निकामी होतात हे कोडं तर वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. घरी केलेल्या खेळायच्या मातीत क्रीम ऑफ टार्टर (टार्टारिकचा पोटॅशियम क्षार) होतं, ती माती खाल्लेल्या कुत्र्याला अगदी तसाच त्रास झाला, आणि अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये बोट टार्टारिककडे दाखवलं. २०२२ च्या अहवालात चिंच खाल्लेले कुत्रेही आले. माणसाला आमटीतल्या चिंचेनं असं काही होत नाही. घरात कुत्रा असेल तर चिंचेचा गोळा उघडा टाकू नका, इतकंच.

आणि हे माझं आवडतं. युरोपात लघवीतलं टार्टारिक मोजून माणूस वाइन किती पितो हे ठरवतात, कारण माणूस स्वतः सांगतो त्यावर भरवसा नसतो. स्पेनमधल्या मोठ्या आहार-चाचणीतल्या नमुन्यांवर हाच मोजमापाचा धागा पकडून वाइन आणि हृदयविकार यांचा संबंध तपासणारा अभ्यास २०२४ च्या अखेरीस आला. आता ही पद्धत सदाशिव पेठेत लावून पाहा. चिंच-गुळाची आमटी, आठवड्यातून एकदा पाणीपुरी, सांबार. द्राक्षात टार्टारिक एक टक्क्याच्या आतबाहेर, चिंचेच्या गरात साधारण ८ ते १८ टक्के. वाइनचा थेंब न शिवलेल्या आजी त्या तक्त्यात अट्टल ठरतील. आमसूल घालणाऱ्या घरी मात्र आकडा खाली येईल, कारण कोकमात मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक असतं, तीन कार्बोक्झिलवालं. चिंच की आमसूल हा वाद लघवीच्या तपासणीत सुटू शकतो, असं कुणाला वाटलं असेल! विनोद बाजूला ठेवला तरी आपल्या आहारात हे मोजमाप कितपत चालेल, हा नीट मांडलेला प्रश्न तुमच्या प्रोजेक्टला शोभून दिसेल. नमुने गोळा करायला जाऊ नका, त्याला नैतिक समितीची परवानगी लागते.

प्रत्यक्ष काम दाखवायचं असेल तर चिंचेतून ॲसिड काढा. फेब्रुवारीनंतर नवी चिंच मार्केट यार्डात येते. गरम पाण्यात कोळ काढून गाळायला लागलात की पहिली अडचण पेक्टिनची. कोळ बुळबुळीत, गाळणकागद दोन मिनिटांत बंद. पुरेसं अल्कोहोल घातलं की पेक्टिन गोळा होऊन बाजूला येतं, ते फडक्यातून काढा. मग चुना आणि कॅल्शियम क्लोराइड, खाली कॅल्शियम टार्ट्रेटचा पांढरा साका बसतो. तो गार पाण्यानं धुवा, साखर पुरती जाऊ द्या, नाहीतर तीच प्रकाश फिरवून सगळं वाचन बिघडवते. विरल सल्फ्युरिक घातलं की जिप्सम वेगळं होतं आणि ॲसिड द्रावणात राहतं. मंद आचेवर आटवा, उकळू नका.

हाती आलेलं टार्टारिकच आहे हे सिद्ध करायला पोलारीमीटर, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाश किती अंश फिरवतं ते मोजणारं यंत्र. शंभर मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम, दोन डेसिमीटरची नळी, २० अंश तापमान, सोडियमचा दिवा: वाचन जवळपास उजवीकडे ४.८ अंश यायला हवं. कृत्रिम मिश्र टार्टारिक असेल तर शून्य. दुकानातून ‘लिंबू सत्त्व’ आणून तुलनेला ठेवाल तर तेही शून्यच दाखवेल, पण ते सायट्रिक असतं आणि त्याला कायरल कार्बनच नाही, त्यामुळे दोन शून्यांची कारणं वेगळी लिहा. टार्टारिकचं वाचन तीव्रता आणि तापमान या दोन्हींनी बरंच हलतं, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे दोन्ही नोंदवा. आणि पोलारीमीटरची वेळ आत्ताच लावून ठेवा, मार्चमध्ये तो कुणाच्याच हाती लागत नाही.