पुरावे हातात असताना पीडितांना पुन्हा बोलायला का लावायचं?

कागदपत्रं, नोंदी, तज्ज्ञांचे अहवाल असं सगळं जमा असताना चौकशी आयोग पीडितांना समोर बसवून जुन्या जखमेची खपली का काढतात, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर असं की पुष्कळदा अन्याय त्या कागदांमध्येच बसलेला असतो. ब्रिटनमधलं पोस्ट ऑफिसचं प्रकरण पाहा. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये होरायझन ही संगणक प्रणाली आली आणि कुणी एक पौंडही उचललेला नसताना पडद्यावर तूट दिसू लागली. ती भरून द्यायची जबाबदारी शाखा चालवणाऱ्यावर होती. मदतीसाठी फोन केला की कित्येकांना एकच उत्तर मिळायचं: हा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. लोकांनी घरची पुंजी ओतली, कर्जं काढली, आणि तरीही ९०० हून अधिक जण गुन्हेगार ठरले. काही तुरुंगात गेले. त्या काळातली फाइल उघडून पाहिली असती तर पुरावा चोख दिसला असता!

तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये अशा अन्यायाचे दोन प्रकार मांडले. सांगणाऱ्याविषयीच्या पूर्वग्रहापायी त्याच्या शब्दाला किंमतच न देणं हा पहिला. आपल्यावर जे गुदरतंय ते मांडायला समाजाकडे शब्द आणि कल्पनाच नसणं हा दुसरा. दोन्हींत माणसाचं ‘जाणणारा’ म्हणून असलेलं स्थान हिरावलं जातं. ‘फक्त तुम्हालाच’ हे ऐकून स्वतःच्याच हिशोबावर शंका घेऊ लागलेला माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे किती खोल जातं ते कळेल.

न्यायालयाने २०१९ मध्ये प्रणालीतले दोष मान्य केले, २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा एका निकालात रद्द झाली. तरी चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये साक्षी सुरू केल्या त्या पीडितांपासून. अधिकारी आणि तंत्रज्ञ नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. गावाने चोर म्हणणं, शाळेत मुलांना टोमणे, मोडलेले संसार, गेलेली घरं, यातलं काहीच हिशोबाच्या नोंदींत नव्हतं. नुकसान नेमकं काय झालं हे आधी समजलं, की अधिकाऱ्यांना विचारायचे प्रश्नही बदलतात.

पण नुसती खुर्ची मांडून भागत नाही. वर्णभेदी राजवटीच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा अनेक स्त्रिया आल्या आणि नवऱ्याचे, मुलाचे हाल सांगून गेल्या. स्वतःवर काय बेतलं ते बाजूलाच राहिलं. ते लक्षात आल्यावर आयोगाने स्त्रियांसाठी वेगळ्या सुनावण्या ठेवल्या. ऐकणाऱ्याने आपली पद्धत बदलली, आणि माझ्या मते भरपाईची सुरुवात तिथे होते. त्याच आयोगाने पीडितांना सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्यावी असं सुचवलं होतं; सरकारने २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड देऊन विषय संपवला. ज्यांनी भर सभेत आपलं दुःख उघडं केलं त्यांना हे किती लागलं असेल! सांगितलेल्याचा निर्णयावर परिणामच होणार नसेल, तर बोलावणं हा दुसरा अन्याय ठरतो.

खपलीची तुमची काळजी रास्त आहे. म्हणून बोलणं ऐच्छिक हवं, लेखी निवेदनाला तेवढंच वजन हवं, आणि आपलं म्हणणं कसं नोंदवलं गेलं ते पाहून दुरुस्त करायची मुभा हवी. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाने जाहीर सुनावण्यांच्या जोडीला ८,००० हून जास्त खासगी बैठका घेतल्या. तिथे शपथ नव्हती, उलटतपासणी नव्हती. किती सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे सांगणाऱ्याच्या हातात होतं.