कानाची 'सूज' की कानाचा 'दाह'?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. हळदीवरच्या लेखात त्यांना हे वाक्य भेटलं : 'वनस्पतिजन्य संयुगे प्रतिकारक पेशींना आवर घालून कानाचा जुनाट दाह कमी करतात.' त्या विचारतात, "पोराचा कान सारखा वाहते, पण आग होते असं तो कधी म्हणाला नाही. मग इथं 'सूज' नको का?"

ताई, 'दाह'च राहू द्या. इथं दाह म्हणजे आग नव्हे, इंग्रजीतलं 'इन्फ्लमेशन'. पहिल्या शतकात रोमच्या सेल्सस या वैद्यकलेखकाने दाहाची चार लक्षणं सांगितली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. सूज त्यातली एक. मधल्या कानाच्या जुनाट दाहात पडद्याला भोक असतं, पू येतो, ऐकू कमी येतं. बाहेरून मात्र कान सुजलेला दिसत नाही, पुष्कळदा दुखतही नाही. 'सूज' वाचून आई कान चाचपेल, हाताला काही लागलं नाही की निर्धास्त होईल. मला याचीच काळजी वाटते.

दाहासाठी 'शोथ' हा शब्द शास्त्रात रुळलेला आहे, पण मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीत 'मध्यकर्णशोथ' म्हणून कोणी नाव सांगत नाही. तिथं 'कान फुटला', 'कान वाहते' हेच ऐकू येतं, आणि ते अचूक आहे. सुश्रुताच्या 28 कर्णरोगांत 'कर्णस्राव', म्हणजे कान वाहणं, आहेच की.

'पेशी'चं म्हणाल तर आपल्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशी म्हणतात आणि हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. म्हणून 'रोगप्रतिकारक पेशी' असं पूर्ण लिहावं.

माझी खरी हरकत 'कमी करतात' या क्रियापदावर आहे. हळदीतलं करक्युमिन पेशींमधल्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाच्या कामात अडथळा आणतं. त्यामुळे जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींतून टीएनएफ-अल्फा, आयएल-6 असे दाह भडकवणारे पदार्थ कमी सुटतात. पण हे मुख्यतः दिसलं आहे ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये. तेव्हा वाक्य असं हवं : 'प्रयोगशाळेत काही वनस्पतिजन्य संयुगे रोगप्रतिकारक पेशींची दाहक्रिया मंदावताना दिसतात.' 'कमी करतात' वाचून कोणी हळदीचं तेल कोमट करून कानात सोडेल. फुटलेल्या पडद्यातून ते थेट मधल्या कानात उतरतं. पोराच्या कानात काहीही घालू नका, ताई. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना पडदा दाखवा.